पेपरातला तो लेख नक्की लिहितं कोण?

दुपारी तीन-सव्वातीनला डेस्कवरचा फोन वाजला की समजायचं, कुणीतरी लेखाबद्दल विचारणार. तक्रारवाले सकाळी अकराला फोन करतात, बातमीवाले संध्याकाळी, आणि लेखवाले जेवून, जरा लवंडून, बरोबर तीनला. "मॅडम, गेल्या बुधवारी पाठवलाय, मिळाला का?" मिळालेला असतो. माझ्या टेबलाच्या डाव्या खणात अजून सतरा लेखांच्या खाली असतो, पण हे काही फोनवर सांगता येत नाही, मग "वाचते हो काका" म्हणायचं आणि खरंच एकदा खण उघडून बघायचा.

सोलापूर भागातल्या एका जिल्हा दैनिकात मी बरीच वर्षं पुरवणी सांभाळली. आता नोकरी सोडली तरी लोक विचारायचं सोडत नाहीत, की पेपरात एवढी माणसं लिहितात ती सगळी पत्रकार असतात का, त्यांना पगार असतो का, कोण ते पक्ष्यांवर लिहिणारं, कोण ते गुडघेदुखीवर, आणि आम्ही पाठवलं तर छापतात का की ओळख लागते. दरवेळी अर्धंमुर्धं उत्तर देते. आज बसून सगळं लिहिते.

जिल्ह्याच्या पेपरात लिहिणारे तीन जातीचे लोक असतात, आणि तिघांना मिळणारा मोबदला तीन वेगळ्या प्रकारचा असतो. एकाला पगार, दुसऱ्याला कमिशन आणि वट, तिसऱ्याला नाव छापून आल्याचा आनंद. कुठला मजकूर कुणी लिहिलाय आणि त्याला त्यातून काय मिळालंय एवढं कळलं की पेपर वाचायची नजरच बदलते, निदान माझी तरी बदलली.

पगारवाले सगळ्यात कमी. बाहेरच्यांना वाटतं पेपर म्हणजे मोठी फौज असेल, पण जिल्ह्याच्या ऑफिसात रिपोर्टर आणि उपसंपादक मिळून एका मोठ्या जीपमध्ये मावतील एवढीच माणसं असायची आमच्याकडे. उपसंपादक म्हणजे डेस्कवर बसून दुसऱ्याचं लिहिलेलं कापणारा, हेडिंग देणारा, पान लावणारा माणूस. त्याचं नाव कधी छापून येत नाही आणि चूक झाली की बोलणी मात्र त्यालाच.

मग तालुक्या-तालुक्यातून बातम्या येतात त्या कुठून? तर वार्ताहराकडून. करमाळ्याचा वार्ताहर, सांगोल्याचा वार्ताहर, आणि तालुक्याच्या खाली मोठ्या गावाचाही एकेक. आणि हा माणूस समजून घेतल्याशिवाय लोकल पेपर कळणारच नाही. हा बहुतेकदा नोकर नसतो. त्याचं झेरॉक्सचं दुकान असतं, किंवा खताचं, किंवा तो शाळेत असतो, कधी एलआयसी एजंट. सकाळी पेपरचे गठ्ठे उतरवून घेणारा एजंटही कित्येकदा हाच, अंकाचे पैसे वसूल करणारा हाच, जाहिरात आणणारा हाच, आणि बातमी लिहिणाराही हाच. बातमीचे पैसे मिळालेच तर नावापुरते. खरी कमाई जाहिरातीवरच्या कमिशनची, साधारण १५ टक्क्यांच्या आसपास. आता विचार करा, ज्या कारखान्याच्या चेअरमनकडून दिवाळीची अर्धा पान जाहिरात आणायचीय त्याच चेअरमनच्या कारखान्यात ऊसबिल थकल्याची बातमी पण ह्यानंच द्यायचीय. तो देत नाही असं नाही. देतो, पण गावातल्या कुणा शेतकऱ्याला "तुम्ही वाचकांच्या पत्रात लिहा की" असं हळूच सुचवतो. मला हे कळायला चार वर्षं लागली. पत्रांच्या कॉलममध्ये एका तालुक्यातून एकाच विषयावर अचानक पाच पत्रं आली की समजायचं, वार्ताहराला बातमी माहितीय आणि त्याला ती स्वतःच्या नावानं द्यायची नाहीये.

कायद्याचं बघायचं तर श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ चा कायदा होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. त्या कायद्यात अर्धवेळ काम करणारा पण पत्रकार धरला होता, पण अट अशी की पत्रकारिता हाच त्याचा मुख्य व्यवसाय पाहिजे. इथंच सगळं अडतं. झेरॉक्सचं दुकान आहे म्हणून मुख्य व्यवसाय पत्रकारिता नाही, आणि पत्रकारितेत पुरेसे पैसे नाहीत म्हणून झेरॉक्सचं दुकान. पत्रकारांच्या पगारासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये लागू केल्या, मालक लोक कोर्टात गेले, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या कायम केल्या, पण दुकानातून बातम्या पाठवणाऱ्याच्या रोजच्या आयुष्यात त्यानं काय फरक पडला हे त्यालाच विचारा, तो हसेल.

पूर्वी ह्यांच्या बातम्या एसटीनं यायच्या. खाकी पाकीट, वर पेपरचं नाव, ड्रायव्हरच्या हातात द्यायचं, आमचा शिपाई स्टँडवर उभा. एसटी पंक्चर झाली की त्या तालुक्याचं पान रिकामं. मग फॅक्स आले, मग मेल, आता व्हॉट्सअ‍ॅप. आणि रात्री नऊच्या सुमारास पहिली म्हणजे डाक आवृत्ती सुटते, ती लांबच्या गावांना जाते, शहराची सिटी आवृत्ती त्यानंतर दोन-तीन तासांनी. म्हणून एकाच पेपरच्या एकाच तारखेच्या दोन अंकांत मजकूर वेगळा असू शकतो. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता पगारवाल्यांचे छंद. पुरवणीत "आमचे प्रतिनिधी" सोडून स्वतःच्या नावानं लिहिणारे आमचेच लोक असायचे. क्राइम बघणारा एकजण पक्ष्यांवर लिहायचा. कोर्टाची बातमीदारी करणारी मुलगी जुन्या हिंदी गाण्यांवर. खेळाचं पान लावणारा किल्ल्यांवर, आणि दर रविवारी ट्रेकहून येऊन सोमवारी पायाला बँडेज. ह्याचे वेगळे पैसे नाहीत बरं का, तो फुकटचा मामला. मग का लिहितात? कारण बातमीत अडीचशे शब्दांत जे मावत नाही ते डोक्यात साठत जातं. दिवसभर पोलिस स्टेशनात बसून पंचनामे लिहिणाऱ्या माणसाला पहाटे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जाऊन दुर्बिणीतून चंडोल बघायचा असतो, आणि तो कुणाला तरी सांगायचाही असतो.

ह्या पक्षीवाल्याचं एक उदाहरण सांगते, कारण छंदाची सदरं म्हणजे जागा भरायचं काम असं मलाही वाटायचं. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, म्हणजे त्यात गावंच्या गावं, उसाचे फड, रस्ते, सगळं आलं, पुढे ते कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. आता ह्या हद्दीमुळे लोकांचे जमिनीचे व्यवहार अडकायचे, परवानग्या अडायच्या, आणि आमच्या पेपरात त्याच्या बातम्या यायच्या त्या मोर्चाच्या आणि निवेदनाच्या, "शेतकऱ्यांमध्ये संताप" वगैरे. पण हा पक्षी नक्की कशावर जगतो, त्याला गवताळ माळच का लागतो, उसात तो का राहू शकत नाही, मग उसाच्या फडाला अभयारण्य म्हणण्यात काय अर्थ होता आणि माळ वाचवण्यात काय अर्थ होता, हे सगळं एकत्र समजलं ते त्या क्राइमवाल्याच्या रविवारच्या सदरातून. महसूल बघणाऱ्या रिपोर्टरला सात-बारा कळत होता पण माळढोक कळत नव्हता. ह्याला दोन्ही कळत होतं. त्या आठवड्यात पत्रांचा ढीग आला, निम्मी शिव्यांची.

तर तिसरी जात, बाहेरून लिहिणारे, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग.

बाहेरच्या माणसाचं लिखाण पेपरात येणं ही काही नवी गोष्ट नाही, उलट मराठी पेपर सुरुवातीपासून त्यावरच उभा आहे. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ चं, म्हणून आपल्याकडे ६ जानेवारीला पत्रकार दिन. त्यानंतर सोळाच वर्षांनी, १८४८ पासून, भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' नावानं पत्रं येऊ लागली, शंभराच्या वर आली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत. म्हणजे आजच्या भाषेत पगार एकीकडचा, सदर दुसरीकडे आणि टोपणनाव. आणि १८५५ साली 'ज्ञानोदया'त, जो अहमदनगरात सुरू झालेला, मुक्ता साळवे नावाच्या मुलीचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, वय चौदाच्या आसपास. मला कायम वाटतं की त्या वेळी तो कागद हातात घेऊन वाचणारा जो कुणी डेस्कवरचा माणूस असेल त्यानं तो "शाळकरी मुलीचा निबंध" म्हणून खणात टाकला नाही हे केवढं मोठं काम. (खणाची मालकीण म्हणून बोलतेय.) आणि मुकुंदराव पाटलांनी तर 'दीनमित्र' कित्येक वर्षं नेवासे तालुक्यातल्या तरवडी गावातून चालवला, खेड्यातून, खेड्यातल्या लोकांसाठी. नानासाहेब परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि १ जानेवारी १९३२ ला पुण्यात 'सकाळ' काढला, तेव्हा मतांपेक्षा बातमीला पुढे आणलं असं सगळेच सांगतात. पण अग्रलेखाचा पेपर बातमीचा झाला म्हणजे गावोगावी बातमी देणारं कुणीतरी लागणार, आणि ते पगारी असणं परवडणार नाही, हा त्याचा दुसरा अर्थ. पुढे आलेली 'सकाळ'चं मुक्तपीठ, 'लोकसत्ता'चं लोकमानस, 'मटा'चं बहुतांची अंतरे, ही वाचकांची सदरं त्याच घराण्यातली. शेतीत तर 'अ‍ॅग्रोवन' २००५ पासून रोज निघतो, आणि शेतकऱ्यानं केलेला प्रयोग त्याच्या नावागावासकट सांगणं ही त्याची ताकद.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. एक लेख डेस्कवर आला.

पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झालेले एक काका, मंगळवेढ्याच्या बाजूचं गाव. सात फुलस्केप, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. सुरुवात: "पाऊस हा निसर्गाने मानवाला दिलेला अनमोल ठेवा आहे." मग कालिदास. मग बळीराजा. मग जागतिक तापमानवाढ. चौथं पान संपताना मी चहाला उठणार होते, तेवढ्यात पाचव्या पानावर वाक्य आलं की मी आमच्या वाड्याच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला असून अकरा वर्षं रोज सकाळी साडेआठला मोजतो, एकही दिवस खाडा नाही, बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी शेजाऱ्याला शिकवून गेलो होतो.

बसले परत. लेख इथं सुरू होतो, पाचव्या पानावर, आणि हे मी शंभरातल्या नव्वद लेखांत बघितलंय. लोकांना वाटतं पेपरात लिहायचं म्हणजे आधी सुंदर प्रस्तावना पाहिजे, आपल्या गच्चीवरचं नळकांडं ही काय लिहायची गोष्ट आहे. अहो तीच तर आहे. कालिदास आमच्याकडे पण आहे कपाटात.

त्यांना फोन केला, म्हटलं पहिली चार पानं काढतेय. आधी नाराज झाले, मग म्हणाले कालिदास तरी राहू द्या. नाही राहू दिला. मग विचारलं, साडेआठच का? तर हवामान खात्याची वेळ तीच, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा पाऊस मोजतात, म्हणजे सोमवारी सकाळी लिहिलेला आकडा खरं तर रविवारचा पाऊस असतो. झाडापासून, भिंतीपासून लांब ठेवायचं, नाहीतर वाऱ्यानं थेंब अडतात. हे सगळं त्यांनी लेखात लिहिलंच नव्हतं, कारण त्यांना ते "सगळ्यांना माहीतच असतं" असं वाटत होतं. साडेचारशे शब्दांचा लेख झाला. त्यातले शंभर-सव्वाशे शब्द फोनवरचे.

मग पावसाळाभर आठवड्याचं छोटं सदर चालू केलं. काका पोस्टकार्ड पाठवायचे, पन्नास पैशाचं. वर सात दिवसांचे आकडे, खाली तीन ओळी. "हस्त कोरडा चालला. ज्वारीची पेर थांबली आहे. काल ढग पंढरपूरच्या दिशेने गेले, विठोबास गरज नसावी." असं. लोक मेन अंकाच्या आधी ते वाचायचे, मंगळवेढ्याचं रान म्हणजे काळी माती आणि रब्बीची ज्वारी, तिथं सप्टेंबरच्या पावसाचा आकडा म्हणजे वर्षाचा हिशोब.

आणि एका वर्षी भानगड झाली. आपल्याकडे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, नुकसानीचे पंचनामे-मदत वगैरे गाडी तिथून पुढे हलते. त्या रात्री काकांच्या नळकांड्यात ९१ आणि मंडळाच्या गावच्या अधिकृत यंत्रात ५८. दोन्ही गावांत अंतर दहा-बारा किलोमीटर. काकांच्या गावात बांध फुटलेले, विहिरी तुडुंब, आणि कागदावर अतिवृष्टी नाही. पोस्टकार्डाची वाट न बघता काकांनी फोनवर आकडा दिला आणि म्हणाले छापा.

छापायचा कसा? हे जरा सावकाश सांगते, कारण लोक "पेपरवाले दाबतात" म्हणतात तेव्हा आत काय चाललेलं असतं ते त्यांना दिसत नाही. "मंगळवेढ्यात ९१ मिमी पाऊस" असं छापलं तर ते खोटं, कारण तो एका गच्चीवरचा आकडा आहे. "प्रशासनाचा आकडा चुकीचा" असं छापलं तर ते पण खोटं, कारण दहा किलोमीटरवर पाऊस खरंच कमी असू शकतो, वळवाच्या आणि परतीच्या पावसात तर बैलाचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं असं आमच्याकडे म्हणतात. न छापलं तर गावातल्या लोकांवर अन्याय. आम्ही असं केलं की वार्ताहराला गच्चीवर पाठवलं, त्यानं यंत्र आणि वही दोन्हींचे फोटो काढले, तहसील कार्यालयातून अधिकृत आकडा घेतला, आणि छापलं की ह्या गावात ह्या माणसाच्या खाजगी पर्जन्यमापकावर इतका, मंडळाच्या केंद्रावर इतका, दोन्हींतलं अंतर इतकं, नुकसान ठरवताना मंडळाच्या केंद्राचाच आकडा धरतात. एवढंच. कुणावर आरोप नाही. पण ती बातमी कापून गावकऱ्यांनी निवेदनाला जोडली आणि पंचनाम्याची माणसं गावात आली. मदत किती मिळाली तो वेगळा विषय, त्यावर काकांचं एक वेगळं पोस्टकार्ड आहे, ते छापता आलं नाही, भाषेमुळे.

तर बाहेरच्या माणसाचं लिखाण म्हणजे नुसतं त्याचं लिखाण नसतं, त्याच्या मागे कुणीतरी फोन करून विचारलेलं असतं. निदान असायला हवं. अलीकडे वेबसाइटवर "तुम्हीच लिहा, थेट प्रसिद्ध करा" असे प्रकार निघाले तेव्हा मालकांना वाटलं फुकटात मजकूर मिळतोय. मिळाला. पहिली चार पानं कापायला कुणी नव्हतं, त्यामुळे सगळीकडे कालिदास.

जबाबदारीचा मुद्दा पण इथंच येतो, आणि तो लोकांना फार कमी माहीत असतो. शेवटच्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ असते, मुद्रक, प्रकाशक, संपादक अमुक, आणि काही ठिकाणी फुली मारून "पीआरबी कायद्यानुसार जबाबदार" असं असायचं. हा पीआरबी म्हणजे १८६७ चा प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स अ‍ॅक्ट. इंग्रजांचा कायदा, तो १ मार्च २०२४ पासून गेला आणि त्याच्या जागी २०२३ चा नवीन आला. जुन्या कायद्याचं सार असं होतं की संपादक म्हणून ज्याचं नाव अंकावर छापलंय त्यानंच मजकूर निवडलाय असं कोर्ट आधी धरून चालणार, नसेल तर त्यानं ते सिद्ध करायचं. म्हणून "प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही" ही जी चौकट असते ना, ती वाचायला बरी वाटते पण बदनामीच्या खटल्यात तिच्या आड लपता येत नाही. गुडघेदुखीवर लिहिणाऱ्या डॉक्टरांनी दुसऱ्या डॉक्टरांचं नाव घेऊन काही लिहिलं आणि आम्ही छापलं, तर डॉक्टरांसोबत संपादक पण कोर्टाच्या पायऱ्या चढणार. म्हणून आम्ही नावं कापतो. लोकांना वाटतं घाबरतात. हो, घाबरतो.

वेबसाइटवर गंमत वेगळी. लेखाखाली वाचकानं जी कॉमेंट टाकली त्यात साइटचालक नुसता मध्यस्थ असतो, आयटी कायद्याच्या कलम ७९ मध्ये त्याला संरक्षण आहे, पण अट अशी की मजकूर त्यानं निवडलेला किंवा बदललेला नसावा. म्हणजे डेस्कनं लेख वाचून, सुधारून टाकला की जबाबदारी आली, आणि न वाचता टाकला की संरक्षणाचा दावा करता येतो. उलटंच आहे सगळं. नीट काम करणाऱ्याच्या गळ्यात घंटा.

दुसरी गोष्ट हक्काची. लेख छापून आला की तो पेपरचा झाला असं निम्म्या लेखकांना वाटतं. असं नसतं हो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीतल्या पत्रकारानं पेपरासाठी लिहिलं तर पेपरात वगैरे छापण्याचा पहिला हक्क मालकाचा, वेगळा करार नसेल तर. पण तुम्ही बाहेरचे, तुम्ही काही लिहून दिलं नसेल, तर लेख तुमचाच. हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. म्हणजे तुमच्या सदराचं पुस्तक काढायला पेपरची परवानगी मागत बसू नका, फक्त मागे कुठल्या कागदावर सही केली होती ते आठवा. काकांनी विचारलं होतं मला, म्हटलं काढा पुस्तक, कालिदास घाला परत.

आता जे लिखाण लेखासारखं दिसतं पण लेख नसतं त्याबद्दल. साहेबांच्या वाढदिवसाची चार पानी पुरवणी, त्यात "विकासाचा महामेरू" छाप लेख, खाली कुणा प्राध्यापकाचं नाव. ह्याचे पैसे चौरस सेंटिमीटरवर घेतलेले असतात, लेखाचे पण. अख्ख्या पानाचा छपाईचा भाग साधारण ३३ बाय ५२ सेंटिमीटर, म्हणजे सतराशेच्या वर चौसेमी, त्याला दरानं गुणा, कळेल की प्राध्यापकांचं गद्य किती महाग असतं. नव्या शोरूमच्या, क्लासच्या बातम्यांखाली काही पेपरांत कंसात "वा.प्र." असतं, वाणिज्य प्रतिनिधी, म्हणजे जाहिरात खात्याकडून आलेलं. ती दोन अक्षरं शोधायची सवय लावा. सणावाराला, सोलापूरच्या गड्डा यात्रेला, आषाढीला निघणाऱ्या पुरवण्या ह्याच्यावरच चालतात, त्यात मी काही वाईट मानत नाही, त्या पैशानंच तर माझी पक्ष्यांची आणि पावसाची पानं निघायची. वाईट ते जे सांगत नाही की मी जाहिरात आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याच्या कौतुकाचा मजकूर एकमेकांच्या स्पर्धेतल्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा आला होता, पत्रकार पी. साईनाथांनी ते बाहेर काढलं आणि पेड न्यूज हा शब्द घरोघरी गेला. तीन पेपरांच्या तीन लेखकांना एकच वाक्य सुचत नाही, स्वल्पविरामासकट तर नाहीच.

आणि छापतात का, ओळख लागते का, तर ऐका. ओळखीचे लेख येतात, मालकांच्या साडूचे पण येतात, आणि छापावे लागतात, ते मंगळवारी छापतो, मंगळवारी पुरवणी कोण वाचत नाही. बाकी खरी अडचण फॉन्टची असायची. लोक श्रीलिपीत टाइप करून पाठवायचे, आमच्याकडे ते युनिकोडात उघडलं की सगळा "क्ष" गायब आणि "र्‍या" च्या जागी चौकोन, अशा लेखाला सुधारायला दीड तास, मग तो खणात जातो आणि सतराच्या खाली राहतो. आता लोक मोबाइलवर बोलून टाइप करतात, मग "माळढोक" चं "माल ठोक" होतं, तो वेगळा ताप. साडेचारशे शब्दांत पाठवा, पहिल्याच वाक्यात तुमचं नळकांडं येऊ द्या, खाली फोन नंबर लिहा आणि आम्ही फोन केला तर उचला. सविस्तर परिचय, पुरस्कारांची यादी, शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो, हे नको.

पाऊसवाल्या काकांच्या डोळ्यांत पुढे मोतीबिंदू झाला. आकडा नातू बघायला लागला, नववीतला, आणि पोस्टकार्ड बंद होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायला लागला. माझ्या शेवटच्या वर्षातली गोष्ट, सप्टेंबरातच, रात्री दहाला त्यांचा फोन. रात्री दहाला ते कधीच करायचे नाहीत. म्हणाले, "मॅडम, आजचा आकडा २३ दिलाय पोरानं, तो २२ करा. पोरगं उभ्यानं बघतं, वाकत नाही, पाण्याच्या रेषेला डोळा सरळ लागला नाही की एक मिलिमीटर जास्त दिसतं." म्हटलं काका, डाक आवृत्ती गेली की २३ घेऊन. सिटीचं पान अजून उघडं होतं, तिथं २२ केलं. पण सिटी आवृत्ती मंगळवेढ्याला जात नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बरोबर तीनला फोन वाजला.